लाँड्रीतला स्वेटर

माझी मोठी काकू वाफेच्या इस्त्रीसमोर स्वेटर घालून उभी राहायला लागली आणि तरीही आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, यावरून आमचं घर किती हुशार आहे ते ओळखावं. इस्त्रीची ती खोली म्हणजे भट्टी. एका भिंतीला दोन ड्रायर, मध्ये लांबलचक टेबल, डोक्यावर वाफेचा पाइप. खिडकी एकच, तीही धुतलेल्या कपड्यांवर धूळ नको म्हणून कायम बंद. तिथे पाच मिनिटं थांबलं तरी पाठीवरून घाम ओघळतो. काकू त्या खोलीत बावीस वर्षं उभी होती.

लाँड्री घरचीच. काका मशिनं सांभाळायचे, बाबा गाडी घेऊन हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे कोट आणायचे, पोचवायचे. काकूकडे इस्त्री आणि घड्या. आई पुढच्या काउंटरमागे खुर्चीवर बसून कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावायची, तुटलेली बटणं पुन्हा बसवायची, उसवलेलं शिवायची. मी शिक्षण संपल्यापासून फोन आणि गिऱ्हाइकं बघते. म्हणजे शिव्या खाते. त्याही बऱ्याचशा काकूच्या.

काकूला लाँड्रीत सगळे इंजिन म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. शर्ट हातात घेतला की आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, आणि तुम्ही दोन वाक्यं बोलेपर्यंत घडी तयार. आजारपण हा तिच्या मते रिकाम्या लोकांचा उद्योग होता. अंग दुखतंय म्हणून कोणी सांगितलं तर ती म्हणायची, "दुखण्याला बसायला जागा दिली की ते मुक्कामच करतं. उभं राहा, आपोआप जाईल." स्वतः ताप अंगावर काढायची आणि दुसऱ्यांनीही काढावा अशी तिची अपेक्षा असायची.

आता आईचं सांगते. मी तिसरीत असल्यापासून आईचं अंग दुखायचं. आज खांदे, उद्या कंबर, परवा पोटऱ्या. कुठल्याशा दिवशी काहीच नाही, आणि कुठल्याशा दिवशी केसांतून कंगवा फिरवला तरी डोळ्यांत पाणी. तेलं झाली, शेक झाले, दोन वेळा एक्स-रे झाले. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हाडात काही नाही." काकूने तो शेवटचा निकालच मानला. हाडात काही नाही म्हणजे कशातच काही नाही, म्हणजे सगळी नाटकं.

तेव्हापासून आई खुर्चीबाई झाली. "आमच्या खुर्चीबाईंना विचारा, त्या उंटावरून शेळ्या हाकतात," हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. सगळ्यात जास्त बोलणी चादरींवरून व्हायची. मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, जोरात ताण द्यायचा आणि मग समोरासमोर चालत यायचं. काकूचा ताण म्हणजे समोरचा माणूस दोन पावलं पुढे यायचा. आईच्या हातातून कोपरा सुटायचा, चादर जमिनीला लागायची, आणि जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवायची हा आमचा नियम. "धर की नीट. जीव गेला का हातातला?" असं काकू विचारायची. आई चादर उचलून मुकाट्याने मशिनमध्ये टाकायची.

मी आईची बाजू घेतली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही घेतली. शाळेतल्या इतर मुलींच्या आया धावपळ करायच्या आणि माझी आई बसलेली असायची, याची मला लाज वाटायची. एकदा भांडणात मीही तिला खुर्चीबाई म्हणाले होते. ते आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो.

काकूचं बिघडायला लागलं ते इतकं हळूहळू की तारीख सांगता येणार नाही. आधी आवाज गेला. म्हणजे बसका झाला, आणि लाँड्रीत जरा शांतता आली म्हणून आम्ही मनातून खूष. मग हातांची कातडी कोरडी पडून तडकायला लागली. बोटं सुजून अंगठी अडकली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. सकाळी उठली की डोळे असे फुगलेले, जसं काही रात्रभर रडली आहे. आणि अंग दुखायला लागलं. आधी खांदे, मग मांड्या, मग पंजे. पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग यायची आणि हात झटकत बसावं लागायचं.

दुसऱ्या कुठल्या घरात एव्हाना कोणीतरी डॉक्टरकडे गेलं असतं. पण लाँड्रीवाल्यांची गोष्ट वेगळी, आमच्याकडे प्रत्येक रोगाला कारण तयार असतं. आवाज बसला? वाफेने. हात तडकले? सोड्याने. बोटं सुजली? सारखं पाण्यात. केस गळले? ब्लीचचा वास. अंग दुखतं? मग काय, दिवसाला दीडशे कपडे आहेत, अंग दुखणारच. काकांनी सोडा बदलला. मग साबण बदलला. मग साबणवाल्याशी कडाक्याचं भांडण करून दुसरा साबणवाला धरला. बिचारा बारा वर्षं प्रामाणिकपणे माल देत होता, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. काकूला रबरी हातमोजे आणून दिले, ते घालून तिला इस्त्री करता येईना.

आणि मग थंडी. काकूला त्या भट्टीत थंडी वाजायला लागली. तिने कपाटातून जाड स्वेटर काढला, कोपरापर्यंत बाह्या सारून इस्त्री करायला लागली. काकांनी यावरही विचार केला. खिडकीच्या फटीतून वारा येतो असं त्यांनी जाहीर केलं आणि फटींना चिकटपट्टी लावली. आम्ही बाकीचे त्या दिवसापासून घामाने भिजून निघालो आणि काकू म्हणाली, "हां, आता जरा बरं वाटतंय."

इंजिनाचा वेग उतरला होता. शर्टाला दुप्पट वेळ लागत होता, गठ्ठे साचत होते, आणि ती कोणाला काही बोलू देत नव्हती. एका दुपारी तिच्यासमोर चादरीचे कोपरे धरून आई उभी होती. काकूने ताण दिला आणि कोपरा सुटला. काकूच्या हातातून. चादर खाली पडली. मी दारात होते. आता काय होतंय म्हणून मी बघत राहिले, पण आईने नेहमीसारखी चादर उचलली आणि मशिनमध्ये नेऊन टाकली.

काकू स्वतःच्या हाताकडे बघत होती. "ओली होती," ती म्हणाली. चादर तेवढ्यातच ड्रायरमधून काढलेली होती.

आमच्या गिऱ्हाइकांत एक रक्त तपासणीच्या लॅबमधली बाई होती. दर शनिवारी लॅबचे पांढरे कोट घेऊन यायची. डागांवरून काकूशी तिचा वाद ठरलेला. त्या शनिवारी काउंटरवर वाद घालायला काकू आली नाही, म्हणून ती सरळ आत इस्त्रीच्या खोलीत गेली. दोन मिनिटांत घाम पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "आत एवढं उकडतंय आणि तुझी काकू स्वेटर घालून उभी आहे?"

"खिडकीतून वारा येतो," मी म्हणाले. हे वाक्य मी खरोखर बोलले.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा आत गेली. "काकू, थंडी वाजते, आवाज बसलाय, डोळे सुजलेत. अंग दुखतं का?"

"लाँड्रीत काम करते मी. बँकेत नाही."

"सोमवारी सकाळी येऊन रक्त देऊन जा."

"वेळ नाही."

"मग हे कोट मी दुसऱ्या लाँड्रीत टाकते."

काकूला रक्त देणं परवडलं असतं, गिऱ्हाईक देणं परवडलं नसतं. सोमवारी ती गेली.

रिपोर्टमध्ये टीएसएच नावाचा आकडा पाचच्या आत असायला हवा होता, तो सत्तरच्या वर होता. काका म्हणाले, "जास्त आहे म्हणजे चांगलं ना?" लॅबवालीने समजावून सांगितलं. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिच्यातून जो रस निघतो त्यावर सगळ्या शरीराचा वेग ठरतो. तो कमी पडला की सगळंच मंदावतं, अंगात ऊब राहत नाही, स्नायू आखडतात, दुखतात. मनगटात सूज येते, तिथली नस दाबली जाते, म्हणून मुंग्या. "डोक्यातून त्या ग्रंथीला हुकूम जातो, काम कर म्हणून. ती करत नाही, तसा हुकूम वाढत जातो. आम्ही तो हुकूम मोजतो."

"म्हणजे मी ओरडते आणि इथे कोणी हलत नाही, तसं," काकू म्हणाली. मग सवयीने तिची नजर खुर्चीकडे गेली, आणि मी पाहिलं, ती नजर तिने लगेच खाली घेतली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी, वर अर्धा तास तरी चहा नाही. त्या अर्ध्या तासात काकूच्या वाट्याला जाऊ नये असा आम्ही सगळ्यांनी शहाणपणाने नियम केला. पहिले तीन-चार आठवडे काही फरक नाही. "गोळी आहे का खडूचा चुरा?" असं ती रोज विचारायची. मग एक दिवस दुपारी मी आत गेले तर स्वेटर टेबलाच्या कडेला पडलेला आणि काकू म्हणत होती, "ही खिडकी कोणत्या शहाण्याने बंद केली?" काकांनी चिकटपट्टी काढली. आवाजही परत आला, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही असं आम्ही सगळे म्हणालो.

पण ती गप्प व्हायला लागली होती. इस्त्री करता करता दारातून पुढे आईकडे बघत राहायची. एकदा कॉलर जळता जळता राहिली. आणि मग एका जेवणाच्या वेळी तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिलाही हेच आहे. थायरॉइड. इतकी वर्षं हेच असणार, आणि कोणी बघितलंच नाही. माझी पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे, तेव्हा हिचंही रक्त द्यायचं. गोळी चालू झाली की बघा, पळायला लागेल." तिने हे ज्या उत्साहाने सांगितलं, तेवढं कौतुक तिला स्वतःच्या गोळीचंही कधी वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकांनाही सांगून झालं.

आई म्हणाली, "नको ताई."

कारण विचारलं तर सांगेना. सुईला घाबरते म्हणावं तर दिवसभर सुईच हातात. बाबांनी समजावलं, काका बोलले. शेवटी मीच एका संध्याकाळी, ती एका कोटाला बटण लावत असताना तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, "एवढं काय आहे त्यात? एक नळीभर रक्त."

आईने दोरा दाताने तोडला. "रिपोर्ट चांगला आला तर?" ती म्हणाली.

"चांगला आला तर चांगलंच ना."

"तुमच्यासाठी. हाडात काही नाही, हे मागे कागदावर आलं. आता रक्तातही काही नाही असं आलं, म्हणजे मग काय उरलं? आत्तापर्यंत लोक नुसतं म्हणत होते. मग पुराव्यानिशी म्हणतील."

चांगल्या रिपोर्टची भीती वाटणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते माझ्याच घरात माझ्यासमोर रोज बसत होतं. मी तिच्या हातातला कोट घेतला आणि उरलेली दोन बटणं लावली. वाकडी लावली, तिने नंतर उसवून पुन्हा लावली.

शेवटी ती गेली, ती काकूच्या धाकाने नव्हे, तर आता नाही म्हटलं तर त्याचाही वेगळा अर्थ निघेल म्हणून. दोघी जावा सोमवारी सकाळी उपाशीपोटी सोबत गेल्या आणि कोपराच्या घडीत कापूस दाबून परत आल्या. शनिवारी लॅबवाली कोटांबरोबर दोन पाकिटं घेऊन आली. काकू इस्त्री सोडून बाहेर धावली. आई खुर्चीतच होती, एका उशीच्या खोळीची शिवण घालत. ती शिवण थांबली नाही.

"तुमचा आकडा जागेवर आला," लॅबवाली काकूला म्हणाली. मग दुसरं पाकीट उघडलं. वाचलं. "आणि तुमचंही सगळं व्यवस्थित आहे. थायरॉइड अगदी छान."

"छान म्हणजे?" काकू म्हणाली. "नीट बघा."

"नीटच बघितलंय. काही बिघाड नाही."

आईने खोळ खाली ठेवली. "बरं झालं," ती म्हणाली आणि उठली. तिचा चेहरा मला अजून दिसतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखा. ती आत इस्त्रीच्या खोलीत गेली. हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा पायात पडला होता, तो तिने दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला आणि इस्त्री हातात घेतली. कितीतरी वर्षांत ती त्या टेबलाशी इस्त्री करायला उभी राहिली नव्हती. मला तिला थांबवायचं होतं, पण मी काउंटरपाशीच राहिले.

काकू दोन्ही कागद दोन हातांत धरून उभी होती. एकदा हा बघायची, एकदा तो. मग तिने लॅबवालीला विचारलं, "माझं सगळं जागेवर आलं म्हणता. मग काल वरच्या फळीवरचा डबा काढायला मला ह्यांना हाक का मारावी लागली? खांदा अजून दुखतो. आधीपेक्षा कमी, पण दुखतो. मी बोलत नाही, पण दुखतो."

"होतं तसं," लॅबवाली म्हणाली. "आकडा लवकर सुधारतो, अंगाला वेळ लागतो. बऱ्याच जणींचं दुखणं जातं, काहींचं थोडं मागे राहतं. आणि काकू, दुखण्याची कारणं काही एकच नसतात. आम्ही त्यातलं एक मोजलं. तुमच्या जाऊबाईंचं दुसरं काही असेल, ते ह्या कागदावर उमटत नाही. दुखण्याचेच वेगळे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. नाव देते मी."

काकूने चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं. दोन्ही रिपोर्ट काउंटरवर ठेवले, आईचा वर आणि स्वतःचा खाली, आणि आत गेली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. आईने एक चादर संपवली होती. दुसरी करताना ती ओठ आवळून इस्त्री पुढे ढकलत होती. काकूने इस्त्रीचं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"बस," ती म्हणाली.

"रिपोर्ट चांगला आहे ना, ताई. करते मी."

"माझाही चांगला आहे. आणि दुखतंय." काकूने तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली आणि बाजूला उभी केली. स्टूल पायाने पुढे सरकवलं. आई बसली. काकू टेबलाला टेकून उभी राहिली, आणि ज्या बाईने आयुष्यात कोणाची माफी मागितल्याचं आम्हाला माहीत नाही, ती शब्द शोधत बोलायला लागली. "मला सहा महिने दुखलं तर सगळं घर कामाला लागलं. मला कागद मिळाला म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला. कागद नसता तर मी काय केलं असतं, मला कळत नाही. तुला तो मिळालाच नाही, आणि वर टोमणे मारायला मी होते. तुझं दुखतं हे खरं आहे. मी चुकले. फार वर्षं चुकले."

आई हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. ड्रायर फिरत होता, त्यात कोणाच्या तरी शर्टाचं बटण पत्र्यावर वाजत होतं. मला वाटलं, ती आता रडेल किंवा इतक्या वर्षांचं काहीतरी ऐकवेल, आणि तिने ऐकवावं असं मला वाटत होतं.

"तुम्हीच काय ताई, मीही तेच म्हणायचे स्वतःला," आई म्हणाली. "मला वाटायचं, एवढं तर सगळ्यांनाच दुखतं. सगळ्या बायका तसंच उठतात आणि कामाला लागतात. मलाच तेवढं जमत नाही."

काकू खाली वाकली. सुजेने अडकलेली अंगठी आता बोटात सैल फिरत होती, तो हात तिने आईच्या खांद्यावर ठेवला, पण दाब न देता, नुसता.

"नाही गं," ती म्हणाली. "सगळ्यांना एवढं नाही दुखत."